रॉक संगीताचा मुंबईकर फड

तापी नदीच्या एका काठी बुऱ्हाणपूर आणि समोरच्या काठी जैनाबाद. फारुकी सुलतान नासीरखान याने ही दोन गावे दोन सूफी सत्पुरुषांच्या नावांनी वसविली. शेख बुऱ्हाणुद्दीन यांचे नाव एका गावास मिळाले, शेख झैनुद्दीन यांचे दुसऱ्यास. याच जैनाबादच्या आहूखान्यात सतराव्या शतकाच्या मध्यास हिराबाई नावाच्या एका गायिकेने शहाजादा औरंगजेबाचे चित्त हरण केले. इतिहासाने तिला 'जैनाबादी' याच नावाने ओळखले. ती एका सरदाराच्या पदरी होती. तिचे गाणे ऐकावयाचे भाग्य सरदारास, शहाजाद्यास आणि त्यांच्या परिवारास. तापीवर पाण्यास जाणाऱ्या माणसाच्या वाट्यास ते यावयाचे नव्हते, कारण दरबारी कलेची रीतच तशी होती. ज्याच्या पदरी गुणी, त्याच्याच मालकीचा गुण.

कलेला आश्रय लागतोच. दरबार गेले, जहागिऱ्या गेल्या, आणि तिकीट काढून येणारा सामान्य श्रोता कलावंताचा आश्रयदाता झाला. हा नवा आश्रयदाता मनाने उदार, परंतु आवडीने मोठा हट्टी. त्याला जे माहीत आहे तेच पुन्हा हवे असते. ओळखीचे गाणे सुरू झाले की तो टाळ्यांचा वर्षाव करतो, आणि अनोळखी गाणे लागताच कुजबुजू लागतो. नाटककाराला, शाहिराला, चित्रपटाच्या संगीतकाराला, साऱ्यांनाच या हट्टाशी कधी ना कधी सामना करावा लागला आहे. मुंबईच्या काही तरुणांनी हाच सामना विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात एका परक्या वाटणाऱ्या संगीताच्या साहाय्याने केला. त्यांच्या पथकाचे नाव 'रॉक मशीन'. पुढे तेच 'इंडस क्रीड' या नावाने प्रसिद्धीस आले.

रॉक संगीत म्हटले की पुष्कळांच्या कपाळास आठी पडते. ज्या बुऱ्हाणपुरात यंत्रमागांचा खडखडाट अष्टौप्रहर कानी पडतो, तेथील श्रोता तर सहज विचारील की, गोंगाटच ऐकावयाचा तर त्यासाठी तिकीट कशाला काढावे? प्रश्न रास्त आहे. परंतु मागाच्या खडखडाटातही एक लय असते, आणि जुना विणकर केवळ आवाजावरून कोणता माग बिघडला हे सांगू शकतो. ज्याला लय उमगली त्याच्या लेखी तो गोंगाट उरत नाही. रॉक संगीताचेही तसेच आहे. त्याचा पाया लयीचा. ड्रम वाजविणारा दोन्ही हात व दोन्ही पाय यांचा उपयोग करून चार मात्रांचे चक्र फिरते ठेवतो. बेस गिटारचे खर्जातील स्वर त्या चक्राला घट्ट बांधून घेतात. या दोघांचे जमले की इमारतीचा पाया भरला असे समजावे. त्यावर गिटारच्या स्वरसंगतीच्या भिंती उभ्या राहतात आणि गायकाचा आवाज कळसाला जातो.

या संगीतातील मुख्य वाद्य जे विजेचे गिटार, त्याची करामतही समजून घेण्यासारखी आहे. साध्या गिटारचा आवाज त्याच्या लाकडी पेटीतून घुमतो. विजेच्या गिटारला तशा पोकळ पेटीची गरज नसते. पोलादी तारांखाली लोहचुंबक असतात आणि त्यांभोवती तांब्याच्या अतिसूक्ष्म तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. वरची तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्रात चलबिचल होते आणि त्या वेढ्यांत अल्पसा वीजप्रवाह निर्माण होतो. हा दुबळा प्रवाह ॲम्प्लिफायरमध्ये जातो, तेथे बलवान होतो आणि ध्वनिक्षेपकातून बाहेर पडतो. ॲम्प्लिफायरवर त्याच्या शक्तीबाहेर भार टाकला तर स्वर फाटतो, खरखरीत होतो. इतर संगीतात हा दोष गणला जाईल. रॉक संगीताने याच दोषाला अलंकाराचे स्थान दिले. तारुण्याच्या रागाला आणि उमेदीला त्या फाटक्या स्वरात एक वाचा सापडली.

या संगीताचे मूळ अमेरिकेतील निग्रो गुलामांच्या वंशजांनी गायिलेल्या 'ब्लूज'मध्ये आहे. १९५५ च्या सुमारास त्यातून 'रॉक अँड रोल' पुढे आला आणि पाहता पाहता जगभर गेला. महाराष्ट्राला त्याची ओळख होण्यास फार काळ लागला नाही, आणि ती ओळख करून दिली एका अस्सल मराठी माणसाने. नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच संगीतकार सी. रामचंद्र, यांनी १९५७ च्या 'आशा' या चित्रपटात 'ईना मीना डीका' हे गीत देऊन ती पाश्चात्य लय थेट खेड्यापाड्यांतील रेडिओपर्यंत पोहोचविली. त्यांच्यासारख्यांच्या वाद्यवृंदात गोव्याचे वादक असत. नोटेशन वाचणारे, दिवसा चित्रपटासाठी आणि रात्री हॉटेलांत जाझ वाजविणारे ते गुणी लोक. पाश्चात्य सुरांना मुंबईचे पाणी लागले ते त्यांच्या हातून.

सातव्या दशकाच्या अखेरीस महाविद्यालयीन तरुणांची स्वतंत्र पथके मुंबईत निघाली. 'सिमला' सिगारेटच्या नावाने अखिल भारतीय स्पर्धा भरू लागल्या, आणि १९७० व १९७१ साली त्या स्पर्धांतील पथकांच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या. १९७१ मध्ये लोणावळ्याजवळ मळवली येथे 'स्नेहयात्रा' नावाचा खुल्या मैदानातील संगीतमेळावा झाला. १९७२ मध्ये 'लेड झेपेलिन' या जगप्रसिद्ध इंग्रजी पथकातील जिमी पेज व रॉबर्ट प्लांट हे मुंबईत आले असता कुलाब्यातील 'स्लिप डिस्क' या लहानशा जागेत जाऊन वाजवून गेले. हौस होती, गुण होता, श्रोताही होता. परंतु बहुतेक पथकांची मजल परदेशी गाण्यांची हुबेहूब नक्कल करण्यापर्यंतच जाई. मूळ मुद्रिकेबरहुकूम गिटार वाजले की वादक मोठा ठरे. स्वतः गाणे रचणारे मोजके, आणि त्यांना दाद देणारे त्याहूनही मोजके.

ही परिस्थिती असताना १९८४ साली मुंबईत 'रॉक मशीन'ची स्थापना झाली. महेश तिनईकर यांचे गिटार आणि मार्क सेल्विन यांचे बेस गिटार हे आरंभापासूनचे दोन खांब. लवकरच उदय बेनेगल येऊन मिळाले आणि पुढे पथकाचा मुख्य आवाज तेच झाले. जयेश गांधी यांचे दुसरे गिटार, झुबिन बालापोरिया यांची की-बोर्ड आणि मार्क मेनेझिस यांचे ड्रम यांनी पथक पुरे झाले. ही नावे नुसती ओळीने वाचली तरी मुंबई डोळ्यांपुढे उभी राहते. निरनिराळ्या घरांतील, निरनिराळ्या मातृभाषांची ही मुले एका तालाने बांधली गेली. असे पथक त्या काळी या देशात क्वचित दुसऱ्या शहरात जमून आले असते.

त्या दिवसांत असे पथक चालविणे म्हणजे हाल होते. परदेशी वाद्यांवर जकात जबर. चांगले गिटार हवे असेल तर परदेशी जाणाऱ्या आप्ताची मनधरणी करावी, नाहीतर कोणी आपले जुने विकावयास काढतो काय याकडे डोळे लावून बसावे. तार तुटली तर दुसरी तार मिळेपर्यंत जलसा खोळंबे. धोबी तलावावरील फुर्टाडो यांचे वाद्यांचे जुने दुकान हे अशा तरुणांचे तीर्थक्षेत्रच होते. ॲम्प्लिफायर स्थानिक कारागिरांकडून बनवून घ्यावयाचे, आणि ते ऐन रंगात आले असता गुरगुरू लागले की मागे जाऊन दोन थापा मारावयाच्या. तालमीला जागा मिळणे तर त्याहून कठीण. मुंबईच्या चाळीत वा सदनिकेत ड्रम वाजू लागल्यावर शेजारी किती दिवस गप्प बसणार? रॉक संगीताच्या वाद्यांची टंचाई, जागेची टंचाई आणि पैशाची टंचाई अशा तिहेरी टंचाईतून ज्यांची हौस तगली, तेच टिकले.

आरंभी 'रॉक मशीन'नेही इतरांसारखीच परदेशी गाणी वाजविली. त्यात त्यांचे नावही झाले. महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत त्यांना मागणी येऊ लागली. याच वेळी त्यांना जाणीव झाली की, आपण कितीही उत्तम वाजविले तरी टाळी पडते ती दुसऱ्याच्या गाण्याला. नकलाकाराच्या गुणाला वरची मर्यादा असते. मूळ पुरुषाच्या पुढे तो कधी जाऊ शकत नाही. फार तर त्याच्याजवळ पोहोचतो. तेव्हा या तरुणांनी स्वतःची गाणी रचण्यास आणि ती श्रोत्यांपुढे आणण्यास प्रारंभ केला.

वाचावयास हे वाक्य सोपे वाटते. ते आचरणात आणणे किती अवघड होते, हे समजण्यास त्या वेळच्या जलशाचे स्वरूप ध्यानी घ्यावयास हवे. मुंबईत या संगीताचे मुख्य स्थान म्हणजे धोबी तलावाजवळ, सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या शेजारचे 'रंगभवन' हे खुले नाट्यगृह. १९७८ पासून तेथेच 'जाझ यात्रा' हा मोठा संगीतमहोत्सव भरू लागला होता. १९८६ साली फरहाद वाडिया यांच्या पुढाकाराने 'इंडिपेंडन्स रॉक' हा स्वातंत्र्यदिनाच्या सुमाराचा मेळावा सुरू झाला, आणि रंगभवन ही देशातील तरुण पथकांची पंढरी झाली. एकामागून एक पथके मंचावर येत. वर आकाश, खाली दाटीने उभी राहिलेली तरुण मंडळी, आणि ऑगस्ट महिन्यातील पाऊस केव्हा येईल याचा नेम नाही.

हा श्रोतृवृंद तमाशाच्या फडावरील प्रेक्षकाचा सख्खा भाऊ शोभावा असा. आवडले तर डोक्यावर घेईल, न आवडले तर दुसऱ्या मिनिटास खाली ओढील. ढोलकीवर थाप पडताच फडावरील गडी जसा जागा होतो, तसा येथे ड्रमवाल्याने काठीवर काठी आपटून चार मात्रा मोजल्या की सारे मैदान जागे होते. पहिल्या रांगेतील मुले मंचाला भिडतात. माना तालावर हलू लागतात. ध्रुपद आले की गायक ध्वनिवर्धक श्रोत्यांकडे वळवितो आणि शेकडो कंठांतून ती ओळ परत येते. गिटारवादक पुढे येऊन एकट्याची फिरत घेतो तेव्हा मागचा ड्रम हळूहळू चढतो, शेवटच्या स्वराशी सारी वाद्ये एकदम येऊन मिळतात, आणि क्षणभर स्तब्धता होऊन टाळ्यांचा कडकडाट होतो. चढावे कोठे, थांबावे कोठे, श्रोत्याला श्वास घेऊ द्यावा कोठे, याचा हिशेब वादकांनी आधी करून ठेवलेला असतो. उसळता उत्साह दिसतो तो श्रोत्याला. वादकाच्या अंगी त्याच वेळी मोठा संयम असावा लागतो. पाच जणांतील एकानेही भान सोडले तर लय फाटते, आणि फाटलेली लय हजार दिव्यांच्या झगमगाटानेही झाकत नाही.

आता या सर्व खटाटोपात श्रोत्याचा वाटा केवढा आहे पहा. ध्रुपद तो म्हणतो, कारण ते त्याला पाठ असते. परदेशी मुद्रिकेवरून त्याने ते शंभर वेळा ऐकलेले असते. पण ज्या गाण्याची मुद्रिकाच नाही, ते तो कसा म्हणणार? नवे गाणे सुरू झाले की मैदान थंड पडावयाचे. मागून नेहमीच्या परदेशी गाण्यांची नावे ओरडली जावयाची. मंचावरील माणसाला त्या आरोळ्या किती जोराने टोचत असतील, याची कल्पना ज्यांनी कधी लोकांपुढे उभे राहून काही म्हटले आहे, त्यांनाच यावी. तेथे मागणीपुढे मान तुकवून ओळखीचे गाणे वाजविणे सोपे होते. 'रॉक मशीन'ने आपली गाणी पुन्हा पुन्हा वाजविली. एका जलशात चार जण ऐकून गेले, पुढच्या जलशात ते आणखी आठांना घेऊन आले. अशा रीतीने मुद्रिका निघण्यापूर्वीच त्यांची काही गाणी मुंबईच्या महाविद्यालयीन तरुणांच्या तोंडी बसली. नव्या गाण्याला श्रोता तयार मिळत नाही, तो घडवावा लागतो. या पथकाच्या प्रत्यक्ष जलशांचे खरे महत्त्व याच कार्यात आहे.

मराठी श्रोत्यास ही गोष्ट परकी वाटू नये. कलगी-तुऱ्याच्या सामन्यात उसने कवन म्हणणाऱ्या शाहिराला कोणी शाहीर म्हणत नसे. सवाल समोरून येई, आणि त्याला जबाब स्वतःच्या शब्दांतच द्यावा लागे. रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव यांनी वेदविद्येच्या घरात जन्म घेऊन फडाची वाट धरली. महाराष्ट्राने त्यांना मान दिला तो त्यांच्या स्वतःच्या लावण्यांसाठी. मंचावरचा आवेश हा देहाचा गुण आहे आणि तो काळाबरोबर ओसरतो. रचना मागे राहते. ही जुनी फडाची शिकवण विजेचे गिटार घेतलेल्या मुलांना आपल्या अनुभवाने नव्याने मिळाली.

त्याच सुमारास गोव्यात रेमो फर्नांडिस यांनीही हीच वाट निराळ्या पद्धतीने चोखाळली. शिवोली या आपल्या गावी, घरातच ध्वनिमुद्रण करून त्यांनी १९८४ मध्ये 'गोअन क्रेझी' हा स्वतःच्या गाण्यांचा संग्रह काढला, आणि त्याच्या कॅसेटी स्कूटरवरून दुकानोदुकानी नेऊन विकल्या. गोव्यातील माणसे, गोव्यातील प्रश्न आणि गोव्यातील विनोद त्यांच्या गाण्यांत आले, म्हणून गोवेकरांनी ती आपली मानली. मुंबईच्या पथकाची वाट मंचावरून गेली, गोव्याच्या कलावंताची बाजारपेठेतून. गाठावयाचे ठिकाण एकच होते.

१९८८ साली 'रॉक मशीन'चा पहिला संग्रह 'रॉक अँड रोल रेनेगेड' सी. बी. एस. कंपनीने प्रसिद्ध केला. भारतीय पथकाच्या स्वतःच्या इंग्रजी रॉक गीतांच्या आरंभीच्या मोजक्या संग्रहांत त्याची गणना होते. १९९० मध्ये 'द सेकंड कमिंग' हा दुसरा संग्रह आला. त्यानंतर उपग्रह दूरदर्शनाचा काळ सुरू झाला, आणि 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याची चित्रफीत एम्‌टीव्हीच्या आशियाई वाहिनीवर गाजली. ज्या वाहिनीवरून परदेशी पथके पाहावयाची, त्याच वाहिनीवर मुंबईचे पथक दिसू लागले. देशभरच्या तरुण वादकांवर याचा जो परिणाम झाला तो सहज समजण्यासारखा आहे. आपल्यासारखीच मुले तेथे पोहोचली, तर आपणही पोहोचू, अशी उमेद गावोगाव निर्माण झाली. १९९३ मध्ये अलाहाबादेहून अमित व शीना सैगल या दांपत्याने 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे या संगीताला वाहिलेले नियतकालिक सुरू केले, हेही या जागृतीचेच लक्षण.

त्याच १९९३ साली पथकाने आपले नाव बदलून 'इंडस क्रीड' असे केले. पहिले नाव कोणत्याही देशातील पथकाला चालले असते. दुसऱ्या नावात सिंधू नदी आली. नाव बदलून माणूस बदलत नाही हे खरे. परंतु स्वतःची गाणी गाऊ लागल्यावर काही वर्षांनी या तरुणांना आपल्या भूमीचा उल्लेख नावात असावा असे वाटले, यातील क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी रचना आपली झाली, मग नाव. १९९५ मध्ये 'इंडस क्रीड' याच नावाचा संग्रह निघाला.

एवढ्यात वारे फिरले. ध्वनिमुद्रिका कंपन्यांचा ओढा हिंदी पॉप गीतांकडे वळला. इंग्रजीत गाणाऱ्या भारतीय पथकासाठी पैसा घालण्यास त्या नाखूश होऊ लागल्या. १९९७ मध्ये पथक विसर्जित झाले. उदय बेनेगल व जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले आणि तेथे त्यांनी 'आम्स फॉर शांती' हे नवे पथक काढले. महेश तिनईकर मुंबईत राहिले. तेरा वर्षे अशी गेली. २०१० मध्ये बेनेगल, तिनईकर व बालापोरिया हे तिघे पुन्हा एकत्र आले. बेस गिटारवर रुशद मिस्त्री आणि ड्रमवर जय राव कवी हे नव्या पिढीचे वादक त्यांच्या सोबतीस आले. २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा संग्रह निघाला. पथक मोडल्यावर तेरा वर्षांनी ज्याची आठवण श्रोत्यांना राहते, ते पथक केवळ गडबड-गोंधळ करणारे नव्हते, एवढा निष्कर्ष काढण्यास हरकत नसावी.

परंतु हे पथक परतले तेव्हा त्याचे जुने आंगण राहिले नव्हते. रंगभवनाच्या निकट महाविद्यालय आहे, न्यायालय आहे, आणि कामा व गोकुळदास तेजपाल ही रुग्णालये आहेत. २००० साली केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. त्यांनुसार रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र ठरविता येतो, आणि तेथे आवाजाची मर्यादा दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल असते. रॉक संगीताच्या जलशात आवाज सहज १०० डेसिबलच्या वर जातो. ५० आणि १०० हे आकडे दिसावयास दुपटीचे. परंतु या मापात प्रत्येक १० डेसिबलला ध्वनीची शक्ती दसपट होते. म्हणजे दोहोंतील अंतर एक लाखपटीचे. असा जलसा तेथे नियमात बसणे शक्यच नव्हते. पुढील थोड्याच वर्षांत रंगभवनातील रॉक संगीत बंद पडले आणि मेळावे दूर उपनगरांतील मैदानांकडे गेले.

येथे कोणाची बाजू घ्यावी? खाटेवर पडलेल्या रुग्णाचा विसाव्याचा हक्क कोणत्याही गाण्याहून मोठा आहे, यात वाद असू नये. प्रसूतिगृहातील मातेला विजेच्या गिटारची गोडी पटवून सांगता येणार नाही. नियम योग्यच होता. चुकले ते पुढचे पाऊल. एक जागा बंद करताना त्याच शहराने तेवढ्याच सोयीची, स्वस्त आणि लोकल गाडीने जाता येण्याजोगी दुसरी जागा सिद्ध करावयास हवी होती. ते झाले नाही. खासगी मैदान भाड्याने घ्यावे तर तिकीट महागते, तिकीट महागले की विद्यार्थी अडतो, आणि विद्यार्थी अडला की नवख्या पथकाला श्रोता राहत नाही. प्रसिद्ध पथकाला कोठेही मंच मिळतो. ज्याला कोणी ओळखत नाही, ज्याचे गाणे अजून कच्चे आहे, त्याला पडण्यासाठी आणि पडून उठण्यासाठी एक जागा हवी असते. 'रॉक मशीन'ला ती रंगभवनाने दिली. पुढच्यांना ती तितक्या सहजपणे मिळाली नाही.

तरीही बीज नष्ट झाले नाही. २०१० मध्ये पुण्यात 'एन्‌एच सेव्हन वीकेंडर' हा मोठा महोत्सव सुरू झाला. बुऱ्हाणपुराहून काही तासांच्या वाटेवर असलेल्या इंदुरात २००६ मध्ये 'निकोटिन' हे मेटल संगीताचे पथक निघाले, आणि मध्य भारतातील अशा पथकांचे ते अग्रदूत मानले जाते. मुंबईच्या 'अभंग रिपोस्ट' या पथकाने तर गिटार व ड्रम यांच्या साथीवर संतांचे अभंग गावयास घेतले, आणि टाळ-मृदंगाबरोबर वाढलेल्या वडीलधाऱ्यांनाही त्या तालावर मान डोलवावी लागली.

यातील शेवटची गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. 'रॉक मशीन'ने नक्कल टाकून रचना स्वीकारली, पण तिची भाषा इंग्रजीच राहिली. ते त्यांना सहज होते. ज्या महाविद्यालयीन वातावरणात ती मुले वाढली, तेथे परस्परांत बोलण्याची भाषा तीच होती. त्यामुळे त्यांचा श्रोता जीव लावणारा असला तरी संख्येने मर्यादित राहिला. चाळीतील कामगाराचा मुलगा, तालुक्याच्या शाळेतील मुलगी, यांच्यापर्यंत त्यांचा ताल पोहोचला, शब्द पोहोचले नाहीत. हा त्यांचा दोष म्हणता येणार नाही. एका पिढीने दोन पावले टाकली, तिसरे पाऊल पुढच्या पिढीने टाकावयाचे असते. संगीत कोणत्या देशात जन्मले हा प्रश्न फार काळ टिकत नाही. हार्मोनियम युरोपातून आली, आणि कीर्तनकाराच्या मांडीशी बसून ती इतकी आपली झाली की तिचे मूळ कोणाला आठवतही नाही. विजेच्या गिटारलाही तो मान मिळण्यास अडचण नाही. मात्र ते हाती घेणाऱ्याने आपल्या गावची वाट, आपल्या घरातील बोली आणि आपल्या काळजातील सल त्याच्या तारांवर चढवावयास हवा.

आज तापीच्या काठी कोणी चार मुले एखाद्या रिकाम्या गोदामात गिटार आणि ड्रम घेऊन जमत असतील, तर वडीलधाऱ्यांनी त्यांना एवढेच विचारावे की, "बाळांनो, हे गाणे तुमचे आहे ना?" उत्तर होकारार्थी आले, तर आवाजाबद्दल थोडी तक्रार अवश्य करावी, रात्री दहानंतर वाजवू नका असे बजावावे, आणि दार लोटून न घेता पाच मिनिटे ऐकत उभे राहावे. नवख्या गाण्याला पहिला आश्रय हवा असतो तो एवढाच.